शंभरात एक

फुलसावंगी, ६ डिसेंबर २०२४

आभा,

'प्रिय' लिहिलं नाही, ते विसरून नाही. हात वळला नाही. व्हॉट्सॲपवर तू मले ब्लॉक केलं, फोन उचलत नाही, ऑफिसात लावला तर एक पोट्टा विचारते, "आपण कोण बोलताय?" म्हणून पत्र. पोस्टमनले ब्लॉक करता येत नाही. पत्ता पुसदले जाऊन तुझ्या आईकडून, रत्नप्रभाकाकूंकडून आणला. काकूंनी चहा पाजला, पत्ता दिला, अन् मग दारापर्यंत येऊन सांगतलं, की आभाले जास्त बोलू नको, तिच्या डोक्यावर लय काम आहे. काकूंच्या शब्दाबाहेर मी कधी गेली नाही. या पत्रात जाऊन राह्यली.

तर आपण कोण बोलताय: मी वर्षा रामलाल आडे. पुसदच्या शाळेत तुझ्या बाकावर बसलेली, होस्टेलचं वरण नकोसं झालं की तुमच्या घरी जेवलेली, अन् यंदा तुझ्या संस्थेनं सरकारसाठी केलेल्या त्या महिला सुरक्षितता पाहणीची महागाव तालुक्याची पर्यवेक्षक. प्रश्न तुमच्या समितीनं पुण्यात बसून लिहिले. ते टॅबवर घेऊन तांडोतांडी फिरल्या माझ्या टीमच्या पोरी. आता ओळख पटली असेन.

तुझा आकडा पेपरात आला. महागाव तालुक्यात शंभरात एकाच बाईनं लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगतलं, जिल्ह्यात सगळ्यात कमी. दोनच दिवसांत फुलसावंगीच्या चौकात बॅनर लागला: 'सर्वात सुरक्षित तालुका, माता-भगिनींचे हार्दिक अभिनंदन.' खाली पुढाऱ्यायचे फोटो, हात जोडलेले, गळ्यात सोन्याच्या साखळ्या. माता-भगिनी त्यात एकही नाही. बॅनरखाली पानटपरी आहे, तिथं उभी राह्यलेली पोट्टी येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींवर काय बोलतात ते तू कधी ऐकलं नसशीन.

बॅनरचं मले काही नाही. आपल्याकडं कोण्या कुत्र्याच्या वाढदिवसाचाही बॅनर लागते. मले पडलंय ते अंजूचं. अंजू म्हणजे माझा चुलतभाऊ जीवन, त्याची बायको. दिग्रसकडची पोरगी, लग्नाले दोन वर्षं होतील. दिवाळीच्या मागंपुढं ती जीवनचं घर सोडून आमच्याकडं राहाले आली, माझ्या याडीजवळ, म्हणजे आईजवळ. का आली ते तिनं याडीले सांगतलं, मले सांगतलं. ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुले समजण्याइतकं सांगतो: ती नको म्हणते, रडते, अन् तो थांबत नाही. आजारी असो, पाळीचे दिवस असो, तो थांबत नाही.

आता जीवनच्या घरच्यायनं बैठक बोलावली. रविवारी, बावीस तारखेले. तांड्याचा नायक माझा बा, म्हणजे निवाडा तोच देणार. मी त्याले म्हटलं, बा, पोरीले परत धाडू नको. त्यानं खिशातून पेपरचं कात्रण काढलं. माझ्या बानं आयुष्यात कशाचं कात्रण काढलं नव्हतं. म्हणे, सरकारचा कागद आहे पोरी, आपल्याकडं असलं काही होत नाही, नवरा-बायकोची कुरबूर आहे, निवळून जाईन.

तुझा आकडा अंजूले त्या घरात परत ढकलून राह्यला, आभा. म्हणून तो आकडा कसा जन्मला ते तुले सांगतोच. तुले माहीत आहे, तरी सांगतो.

सुखीबाईकडं जमनी गेलती. जमनी माझ्या टीममधली सगळ्यात सावध पोरगी, कागदावरचा शब्द इकडचा तिकडं करत नाही. तिनं टॅबवर होतं तसंच वाचलं: 'कोणत्याही व्यक्तीने आपल्यावर कधी लैंगिक अत्याचार केला आहे का?' सुखीबाई म्हणे, व्यक्ती कोण येईन बाप्पा आमच्या घरात? दारात कुत्रं हाय, घरात नवरा हाय. नवरा काही व्यक्ती नसते, आभा. तो नवरा असते. जमनीनं 'नाही' दाबलं. पुढचा प्रश्न: 'शारीरिक संबंधांना आपली संमती होती का?' सासू बाजूले तूर पाखडत बसलेली, त्यामुळं 'शारीरिक संबंध' जमनी पुटपुटलीच असेन. सुखीबाईच्या कानात शिरला एकच शब्द. ती मोठ्या तोऱ्यात म्हणे, "दिली ना संमती. एकदा भावाले दिली, एकदा दिराले दिली."

जमनीच्या हातून टॅब पडता पडता राह्यला. मले फोन केला, मी गेली. तेव्हा उलगडा झाला. बहिणीनं वावरातला हिस्सा भावाच्या नावानं सोडला, की तलाठ्यापुढं अंगठा मारते, त्याले आमच्याकडं संमती म्हणतात. सुखीबाईनं माहेरचं वावर भावाले सोडलं अन् सासरचं दिराच्या नावानं होऊ दिलं. तिच्या आयुष्यात तिची संमती कोणी मागतली तर ती तलाठ्यानं, तीही वावर सोडाले. आणखी कशाले ती मागाची असते हे तिच्या कानावर कधी आलंच नाही. टॅबमध्ये गेलं, 'संमती होती: हो.'

यवतमाळच्या ट्रेनिंगमध्ये मी उभी राहून हेच बोलली होती. हा शब्द आमच्याकडं वावराचा आहे, बदला. तू माईकवरून म्हटलं, शब्द समितीनं ठरवले, सगळ्या जिल्ह्यात एकच राहतील, नाही तर तुलना होत नाही. अन् सगळ्यायसमोर हसून म्हटलं, "वर्षाचं वऱ्हाडी मन दुखावलं." हॉल हसला. मीही हसली, तू माझी मैत्रीण म्हणून.

सुखीबाईच्या घरून आल्यावर मी पोरींले सांगतलं, छापील प्रश्न छापील शब्दात विचारा, जे उत्तर येईन ते दाबा, त्यात बेइमानी नाही. मग टॅब मांडीखाली ठेवा, सासूले पाणी आणाले धाडा, अन् विचारा: तुमचं मन नव्हतं, तुम्ही नको म्हटलं, तरी कोणी, घरचा असो का बाहेरचा, अगदी नवरा असो, त्यानं आपलं केलंच, असं कधी झालं का? तांड्यात आपल्या गोरबोलीत विचारा. उत्तर शेऱ्याच्या रकान्यात टाका.

त्याच बाया. तेच घर. छापील प्रश्नाले शंभरात एक. माझ्या प्रश्नाले शंभरात एकतीस.

तुझ्या ऑफिसनं शेऱ्याचा रकाना कोरा केला अन् मले कामावरून काढलं.

काढलं तर काढलं, मी काही तुझ्या दारात काम मागाले येत नाही. मले एकच पाहिजे. संस्थेच्या लेटरहेडवर एक पान: काय प्रश्न विचारला होता, त्याचा आकडा किती, शेऱ्यात काय विचारलं होतं, त्याचा आकडा किती. खाली तुझी सही. बावीस तारखेच्या आत. माझा बा कागदाले मानते, लेकीले नाही.

वर्षा


फुलसावंगी, १३ डिसेंबर

आभा,

पत्र पोचलं म्हणून तू फोन केला, बरं झालं. फोनवर मी जास्त बोलली नाही, कारण अंजू चुलीपाशी बसली होती अन् तिचा सगळा जीव माझ्या तोंडाकडं होता. ती समजली पान येऊन राह्यलं. मले तिच्यासमोर नाही म्हणता आलं नाही. आता तिथं जे बोलता आलं नाही ते इथं वाच.

तू म्हटलं, अहवाल मंजूर झाला, आता एका तालुक्यासाठी वेगळं पान देता येत नाही. तू म्हटलं, माझा प्रश्न सूचक आहे, बायांच्या तोंडात उत्तर घालते. 'नको म्हटलं तरी' असं विचारलं की बाई हो म्हणणारच. काहून म्हणणारच वो? तुझ्याच टॅबवर आधी 'घरात गॅस आहे का' असा प्रश्न होता. त्यानं कोण्या बाईच्या घरात गॅस आला का? शंभरातल्या एकोणसत्तर बायांनी माझ्या प्रश्नाले सरळ नाही म्हटलं. त्यायच्या तोंडात काहून नाही गेलं उत्तर? त्यायले काय दात होते अन् बाकीच्यायले नव्हते?

तुझं एक म्हणणं मले पटलं, तेही लिहून टाकतो, म्हणजे वर्षा नुसती भांडते असं होणार नाही. दोन ठिकाणी दोन वेगळे प्रश्न विचारले तर आकडे एकमेकांपुढं ठेवता येत नाहीत. ठीक. मग माझे एकतीस कोणापुढं ठेवू नको. पण तुझा एक तू ठेवलाच ना? 'जिल्ह्यात सर्वात कमी' हे कोणी लिहिलं, पानटपरीवाल्यानं? यवतमाळ शहरात तुमच्या प्रश्नाले शंभरात सात आले. शहरातल्या नवऱ्यायचे हात जास्त चालतात, असं आहे का ते? तिथल्या बायांले 'लैंगिक' शब्द समजते, एवढंच आहे. त्या टीव्हीवर ऐकतात, पोरं कॉलेजात जातात. आमच्या तांड्यावर घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, अन् 'लैंगिक अत्याचार' म्हणजे पेपरात ज्याचा फोटो येते, ज्याले पोलीस धरतात, अनोळखी कोणी तरी. 'अत्याचार' म्हटलं की अर्ध्या बाया म्हणतात, आमची केस नाही बाप्पा. म्हणजे तू मोजलं काय? कोणाले पुस्तकी मराठी किती येते, ते मोजलं. अन् खाली नाव दिलं सुरक्षितता.

हे तुले माहीत नव्हतं असं मी मानत नाही. तू माझ्याहून हुशार, वामनकाकांची पोरगी, शब्द तोलून बोलाचं तुले लहानपणापासून शिकवलं. माहीत नसतं तर मले एवढा राग आला नसता.

अंजूचंही सांगतो, कारण तू विचारलं की तिले घर सोडाले कोणी लावलं. तुझा तो सूर मले कळला. तिची मुलाखत मीच घेतली, जमनीले ताप होता. नियमात चुलतभावाची बायको जवळची नातेवाईक धरत नाहीत, ते आधी पाहून घेतलं होतं, लगेच नियम काढू नको. छापील प्रश्नाले ती नाही म्हटली. संमतीले हो म्हटली, तिच्या वयाच्या पोरीले वाटलं लग्नाची संमती, रजिस्टरवरची. मग मी माझा प्रश्न विचारला. ती कापूस काढत होती बोंडातून, हात थांबला. मग म्हणे, "ताई, हे विचारतात म्हणजे हे असं होऊ नये, असं असते का?"

मी म्हटलं, हो.

त्या संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन आमच्या दारात आली. कोणी लावलं नाही तिले. तिनं एक प्रश्न ऐकला, तिच्या समजेल अशा बोलीत, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही ट्रेनिंगमध्ये सांगता की प्रश्नानं माणूस बदलू नये. छापील प्रश्नानं खरंच नाही बदललं कोणी.

अन् शेवटी तू जे विचारलं. आवाज एकदम खाली आणून, काळजीनं: "वर्षा, तुझ्यासोबत काही झालंय का? म्हणून तू इतकी चिडतेस का?"

माय वो! म्हणजे बाईले राग यावा तर तिच्या अंगावर आधी काही घडलं पाहिजे. पुरावा दाखवा, मग चिडा. आकडा खोटा आहे म्हणून चिडता येत नाही, अंजू परत जाईन म्हणून चिडता येत नाही. मी इंद्रजीतचं घर सोडून माहेरी आली त्याले तीन वर्षं होऊन गेली. तेव्हा तू पुसदले येऊन गेली, आपण काकूंच्या गच्चीवर बसलो, तू तुझ्या अवधूतच्या प्रमोशनचं सांगतलं, मी ऐकलं. मी माहेरी कायले आली हे तू तेव्हा विचारलं नाही. आता विचारून राह्यली, तेही माझा राग खोडून काढाले. देत नाही उत्तर. तुमच्याकडं 'उत्तर देण्यास नकार' असा एक पर्याय असते ना शेवटी, तो दाब.

पान पाठव. सही नको तर नको, नुसता प्रश्न लेटरहेडवर छापून पाठव.

वर्षा


फुलसावंगी, १८ डिसेंबर

आभा,

तुझ्या ऑफिसचा ई-मेल आला. जमनीच्या मोबाईलवर उघडला. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.'

नोंद! तुमच्याकडं नोंद कशी घेतात ते मी आत राहून पाह्यलं आहे.

सकाळी काकूंचा फोन आला होता. बिचाऱ्या रडत होत्या. म्हणे, तू आभाच्या मागं लागली, तिचे वरचे साहेब तिच्यावर नाराज झाले, पाहणी तिच्या नावावर आहे, तिनंच उलटं लिहून दिलं तर तिची नोकरी राहात नाही. वामनकाकांनी फोन घेतला अन् वकिलाच्या आवाजात समजावलं, की घरातलं भांडण घरात मिटते, त्यात आकड्यांची काय गरज. मी दोघायले काही उलटून बोलली नाही. या दोघायनं मले घासातला घास दिला. पण फोन ठेवल्यावर विहिरीवर जाऊन मी जोरानं शिव्या दिल्या, तुले दिल्या, अन् बाजूच्या वावरात निंदणाऱ्या बाया उभ्या राहून पाहात होत्या. तुझी नोकरी जाऊ नये, आभा, मी तुझं वाईट चिंतत नाही. पण एका बाजूले तुझी नोकरी अन् दुसऱ्या बाजूले अंजूची प्रत्येक रात्र, अन् तुले हे तोलाले वेळ लागून राह्यला, याचा मले संताप येते.

रविवारले चार दिवस आहेत. जीवनची माय काल अंजूच्या साड्या घेऊन आली अन् आमच्या ओसरीत ठेवून गेली. म्हणे, येताना चांगली नेसून ये. अंजूनं त्यातली एकही उचलली नाही. याडीनं त्या घडी घालून पेटीवर ठेवल्या. याडी या सगळ्यावर काही बोलत नाही. ती कधीच बोलत नाही, तुले माहीत आहे. तू आमच्याकडं यायची तेव्हा म्हणायची, तुझी आई मुकी आहे का ग.

बा रोज सकाळी ओट्यावर बसून ते कात्रण कोणाले ना कोणाले वाचून दाखवते. त्याले खरंच अभिमान वाटते. त्याचं काही खोटं नाही, त्यानं जे वाचलं त्यावर विश्वास ठेवला. छापलेल्यावर विश्वास ठेवावा असं आम्हाले शाळेनंच शिकवलं.

कुरिअर कर. दोन दिवसांत पुसदले येते, मी एसटीनं जाऊन घेऊन येईन.

वर्षा


फुलसावंगी, २३ डिसेंबर

आभा,

कुरिअर आलं नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी पुसदच्या त्या दुकानात बसून राह्यली, मालक शेवटी म्हणे, ताई, शटर ओढाचं आहे.

काल बैठक झाली. काल रात्रीपासून तुझे फोन येऊन राह्यले. उचलत नाही. काकूंकडून तुले अर्धंमुर्धं कळलं असेन, पुसदपर्यंत बातमी गेली म्हणतात. पूर्ण माझ्याकडून वाच.

बैठक मंदिराच्या ओट्यासमोर. माणसं ओट्यावर अन् सतरंजीवर, बाया मागं लिंबाखाली. जीवन आला, इस्त्रीचा शर्ट घालून, अन् पूर्ण वेळ मोबाईलमध्ये पाहात बसला. त्याच्या बाजूनं गुलाबसिंग बोलला, जीवनचा मोठा मामा. म्हणे, मारझोड नाही, दारू नाही, हुंडा मागतला नाही, पोट्टा कमावते, मग पोरगी कोण्या कारणानं बसली? अंजूले बोलाले सांगतलं. तिनं तोंड उघडलं अन् तिच्यानं बोललं गेलं नाही. पन्नास माणसांसमोर ती काय बोलणार होती? कोणत्या शब्दात? तुमच्याकडचा शब्द तिले येत नाही अन् आमच्याकडं त्याले शब्दच नाही.

मग मी उठली. मी पाहणीचं सगळं सांगतलं, एक कसा आला, एकतीस कसे आले, सुखीबाईचं नाव न घेता संमतीचंही सांगतलं. तिथं काही माणसं हसली. गुलाबसिंग म्हणे, एकतीसचा कागद दाखव. मी म्हटलं कागद नाही. तो म्हणे, मग सरकारनं छापलेलं खोटं अन् तू तोंडानं सांगतलेलं खरं, असं का? तुले कामावरून काढलं ना त्यायनं? मी म्हटलं, हो. काढलंच होतं.

मग बा सरसावून बसला. त्यानं कात्रण काढलं, चष्मा लावला, पूर्ण वाचलं. मग अंजूकडं पाह्यलं. रागानं नाही, मायेनंच विचारलं, ते जास्त वाईट होतं.

"शंभरात एक म्हणते हे. मग ती एक तूच का, पोरी?"

अंजूनं मान खाली घातली. मले दिसलं की आता ही उठणार, पिशवी घेणार अन् जीवनच्या मागं चालू लागणार. तिच्या पायात चप्पल होतीच.

मागून याडी बोलली. उठून उभी नाही राह्यली, बसल्या जागेवरून, पदर सारखा करत. आवाज मोठा नव्हता, पण तांड्यानं तो आवाज बैठकीत कधी ऐकला नव्हता, म्हणून सगळे फिरले.

"अंजू नाही. ती एक मी."

बाले आधी समजलंच नाही. तो म्हणे, भुरी, काय बोलून राह्यली? याडी म्हणे, तुमच्या कागदात एकाच बाईले जागा हाय ना, मग तिथं मले बसवा, या पोरीले कायले बसवता. बा म्हणे, घरी चल. याडी म्हणे, येतो ना, कुठं जाईन. अन् मग तिनं थेट त्याच्याकडं पाह्यलं. मी तिची लेक, मी तिले असं त्याच्याकडं पाहताना कधी पाह्यलं नाही.

"मी नको म्हणत होती, ते तुम्हाले ऐकू येत होतं."

एवढंच. आणखी काही नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोण्या बाईनं उठून माझंही तसंच म्हटलं नाही, तसं काही मनात आणू नको. लिंबाखाली सगळ्या बाया जमिनीकडं पाहात होत्या. बसंतीबाईनं फक्त याडीच्या पाठीवर हात ठेवला अन् तो तसाच राहू दिला. माणसांमध्ये कोणी खाकरलं. जीवननं मोबाईल खिशात टाकला. बा ओट्यावरून उतरला अन् वावराकडं निघून गेला. नायकच उठून गेला तर निवाडा कोण देणार? गुलाबसिंग म्हणे, पुन्हा बसू. माणसं पांगली.

अंजू आमच्याकडं आहे. किती दिवस ते माहीत नाही. पुन्हा बसतील. बा रात्री जेवाले आला नाही, वावरातल्या झोपडीत राह्यला. सकाळी याडीनं त्याची भाकर बांधून लखनजवळ धाडली, तो आमचा सालदार. मले वाईट वाटलं, अन् वाईट वाटलं म्हणून माझाच मले राग आला. माझा बा चांगला माणूस आहे, आभा. मले शिकवलं त्यानं, तांडा नाही म्हणत असताना. इंद्रजीतकडून आली तेव्हा एक शब्द न विचारता मले घरात घेतलं त्यानं. आता मी त्याच्याकडं कशी पाहू, मले कळत नाही. हे असं सगळ्या घरांत असते म्हणूनच ते 'व्यक्ती'मध्ये बसत नाही.

दुपारी जमनी आली. याडीची मुलाखत तिनंच घेतली होती. आई म्हणजे सख्खं नातं, मले चालत नव्हतं. मी तिले विचारलं, छापील प्रश्नाले याडी काय म्हटली होती. जमनी म्हणे, नाही म्हटली. संमतीले? हो म्हटली, मामाच्या वावराची. मग मी विचारलं, शेऱ्यात काय लिहिलं होतं तू? जमनी बोलली नाही. तिनं नियम पाळला होता, एका बाईचं दुसरीले सांगाचं नाही, तिच्या लेकीलेही नाही. पण तिच्या डोळ्यात पाणी आलं अन् मले समजलं.

म्हणजे त्या एकतीसमध्ये माझी याडी होती. आयुष्यभर जे तिनं कोणाले सांगतलं नाही ते तिनं वीस वर्षांच्या पोरीले सांगतलं, कारण त्या पोरीनं समजेल असं विचारलं. आमच्या भिंतीपलीकडं मी तेव्हा चहा ठेवत होती. अन् तुम्ही पुण्यात ते एका बटणानं पुसलं, रकाना बिनकामाचा म्हणून. मग तिले तेच पुन्हा सांगावं लागलं, पन्नास माणसांसमोर, स्वतःच्या नवऱ्याले, या वयात. तू एक पान धाडलं असतं तर तिले बोलावं लागलं नसतं. हे तू वाच, अन् नीट वाच, यात नोंद घेण्यासारखं काही नाही.

आता मले बैठकीसाठी काही नको. लेटरहेड तुझ्याजवळच राहू दे. पण अहवालाची दुसरी आवृत्ती निघणार असं काकूंनी सांगतलं, पुस्तकाच्या रूपात, रंगीत. त्यात महागाव तालुक्यासमोर तो एक पुन्हा छापणार तुम्ही. छापा. माझ्या याडीचं उत्तर तुमच्याकडं 'नाही' आहे अन् 'नाही'च राहीन, उत्तर बदलता येत नाही, मले नियम माहीत आहे. मग त्या आकड्याच्या बाजूले, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तिले काय विचारलं होतं ते छाप.

वर्षा भुरीबाई आडे